सहा एअरबॅग, पाच स्टार आणि तीन वर्षं जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही: घेण्याआधी काय पाहाल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच माणसं: नवरा-बायको, सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि दोन वर्षांची मुलगी. गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्हीच घ्यायची आहे, कारण उंच सीटवर चढणं-उतरणं आई-वडिलांना सोपं जातं. बजेटमध्ये दोन पर्याय बसतात. पहिला, मधल्या व्हेरियंटची नवी गाडी: सहा एअरबॅग, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), पाचही सीटना खांद्यावरून येणारे बेल्ट; सनरूफ नाही, कॅमेरा-रडारवर चालणारी एडीएएस यंत्रणा नाही. दुसरा, त्याच मॉडेलची तीन वर्षं वापरलेली टॉप व्हेरियंट, हे सगळं असलेली. जास्त सुरक्षित कुठली? उंच गाडी मुळातच सुरक्षित असते ना? आणि स्टार रेटिंगवर किती विसंबायचं?

गेली बावीस वर्षं मी अपघातात सापडलेल्या गाड्या उघडतोय, सरळ करतोय, आणि ज्या सरळ होण्यासारख्या नसतात त्या मालकाला तसं सांगून परत पाठवतोय. त्या अनुभवावरून सांगतो. उत्तर जरा लांबेल.

उंचीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथंच आहे. उंच बसलं की रस्ता लांबवर दिसतो, गुडघ्यांना त्रास होत नाही, हे खरं. पण गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो. गाडी किती सहज उलटेल याचा एक साधा हिशोब आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर घ्यायचं, त्याच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. अमेरिकेतली एनएचटीएसए ही सरकारी संस्था उलटण्याचा धोका ठरवताना हाच आकडा वापरते. समजा चाकांमधलं अंतर १.५ मीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३ सेंटिमीटरवर आहे, तर आकडा येतो १.४. ठेंगण्या सेडानचा साधारण असा असतो. अंतर तेच ठेवून गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर नेला की तो १.१५ वर येतो. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी.

आता सपाट, कोरड्या डांबरावर अशी गाडीसुद्धा बहुतेक वेळा उलटायच्या आधी घसरते, कारण टायरची पकड त्याच्या आधी सुटते. घात होतो तो घसरल्यानंतर. आडवी घसरत निघालेली गाडी दुभाजकाच्या कडेला किंवा साइडपट्टीच्या मऊ मातीत अडकते. चाकं जागीच थांबतात आणि वरचं धड पुढे जातं. उलटलेली एसयूव्ही आमच्याकडे आली की मी आधी टायर बघतो. टायरची कडा आणि रिम यांच्या बेचक्यात माती आणि गवताची मुळं ठासून बसलेली असतात, कधी कधी स्क्रूड्रायव्हरने उकरून काढावी लागतात. चाक आडवं घासत जाऊन जमिनीत रुतल्याशिवाय ती तिथं शिरत नाहीत. गाडी रस्त्यावरच राहिली असती, तर ती बहुधा उलटली नसती.

म्हणूनच उंच गाडीत पहिला मान मी ईएससीला देतो. काही कंपन्या याला ईएसपी म्हणतात. स्टीअरिंग कुठे वळलंय आणि गाडी खरंच कुठे वळतेय, याची तुलना ही यंत्रणा सेकंदाला अनेक वेळा करत असते. फरक पडला की नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून आणि इंजिनाची ताकद कमी करून गाडीचं नाक परत हव्या त्या दिशेला आणते. ड्रायव्हरला चारातलं एकच चाक वेगळं दाबता येत नाही, त्यामुळे कितीही हात बसलेला ड्रायव्हर असला तरी हे काम त्याला जमणारं नाही. बॉशने ही यंत्रणा मर्सिडीजबरोबर १९९५ मध्ये बाजारात आणली. दोनच वर्षांनी मर्सिडीजचीच छोटी, उंच ए-क्लास स्वीडनमधल्या एका मासिकाच्या चाचणीत उलटली. वाटेत अचानक प्राणी आला तर गाडी झटकन बाजूला काढून परत आपल्या लेनमध्ये आणायची, अशी ती चाचणी होती. त्यानंतर कंपनीने त्या छोट्या गाडीतही ही यंत्रणा सरसकट दिली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेल वर्षापासून आणि युरोपीय संघात २०१४ च्या अखेरीपासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. एबीएस म्हणजे ईएससी नव्हे, हे मात्र नीट लक्षात ठेवा. एबीएस ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. माहितीपत्रकात 'एबीएस, ईबीडी' असं लिहिलेलं पाहून ईएससीही आहे असं धरून चालू नका. तुमच्या दोन्ही पर्यायांत ती आहे, त्यामुळे इथं दोघांची बरोबरी.

आता बेल्ट. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण गाडीतली बाकीची प्रत्येक गोष्ट बेल्ट लावलाय असं गृहीत धरून बनवलेली असते.

ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे सुमारे १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या आसपासहून खाली पडणं. गाडीचं नाक साधारण अर्धा-पाऊण मीटर चेपत थांबतं. बेल्टने गाडीला बांधलेला माणूस त्याच अंतरात, गाडीबरोबर थांबतो. ६० सेंटिमीटर धरले तर ७० किलोच्या माणसावर सरासरी अकराशे-बाराशे किलोचा भार येतो. शरीर तो सोसू शकतं, अट एवढीच की तो खांद्याच्या, बरगडीच्या आणि कमरेच्या हाडांवर वाटला गेला पाहिजे. बेल्ट न लावलेला माणूस गाडी थांबली तरी पुढेच जात राहतो आणि डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर काही सेंटिमीटरांत थांबतो. भार दहापटीच्या पुढे जातो. आणि मांडीवरची दोन वर्षांची, बारा किलोची मुलगी? त्याच धडकेत तिला धरून ठेवायला सुमारे २०० किलोचा जोर लागेल. कुठल्याही आईला किंवा आजोबांना तो शक्य नाही. मुलीला मांडीवर घेऊन बसू नका, अगदी गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं असलं तरी.

खांद्यावरून येणारा, तीन बिंदूंचा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने तो इतर सगळ्यांना वापरू दिला. पट्टा तेव्हापासून तसाच आहे. फरक पडलाय तो त्याला जोडलेल्या दोन यंत्रांमुळे. पहिला प्रीटेन्शनर, म्हणजे धडक बसताच काही मिलिसेकंदांत छोट्या स्फोटाने पट्ट्याचा ढिलेपणा ओढून घेणारं यंत्र. दुसरा लोड लिमिटर. छातीवरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो पट्टा थोडा थोडा सोडतो. तुमच्या आई-वडिलांसाठी हा लोड लिमिटर फार मोलाचा आहे. उतारवयात बरगड्या ठिसूळ होतात, आणि जीव वाचवणारा बेल्टच बरगडी मोडू शकतो. पुढच्या सीटना ही दोन्ही यंत्रं जवळपास सगळीकडे असतात. मागच्या सीटना ती आहेत का, हे मुद्दाम विचारा. विक्रेता 'हो, बेल्ट आहेत ना' असं म्हणेल. तेवढ्यावर थांबू नका, तांत्रिक तपशिलाचं पान मागा. मागच्या सीटना ती नसतील तर लांबच्या प्रवासात वडिलांना पुढे आणि आईला मागे, मुलीच्या सीटशेजारी बसवण्याचा विचार करा.

बेल्ट लावला होता की नाही, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. खांद्याजवळच्या ज्या कडीतून पट्टा खाली येतो, तिच्या प्लास्टिकवर जोराच्या धडकेत पट्टा इतक्या ताकदीने घासतो की ते वितळून ओघळल्यासारखं होतं आणि पट्ट्यावर तेवढ्या भागात चकचकीत, कडक पट्टी उमटते. ती खूण दिसली की मी निःश्वास टाकतो. ती नसते, काचेवर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी तडे गेलेली गोल जागा असते, तेव्हा पुढचं कळतंच. सगळ्यात वाईट वाटतं ते बकलमध्ये खोटी क्लिप अडकवलेली गाडी पाहिल्यावर. बीप बंद करायला दोन सेकंदांत बसवलेली ती क्लिप गाडीला सांगते की माणूस बांधलेला आहे, आणि गाडी त्या खोट्या माहितीवर निर्णय घेते. मागच्या सीटवर बेल्ट न लावणाऱ्यांनाही एक सांगायला हवं: धडकेत मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो. बेल्ट लावलेला ड्रायव्हर मागच्याच्या वजनाने स्टीअरिंगवर चेपला गेलेला मी पाहिलाय.

एअरबॅगबद्दल थोडक्यात. स्टीअरिंगवर 'एसआरएस' अशी अक्षरं असतात. त्यातल्या पहिल्या 'एस'चा अर्थच पूरक. बेल्टला पूरक. धडक ओळखून फुगायला तिला साधारण ३० मिलिसेकंद लागतात, डोळ्याची पापणी लवण्यापेक्षाही कमी. म्हणून छाती आणि स्टीअरिंग यांच्यात निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं, आणि पुढे बसणाऱ्याने पाय डॅशबोर्डवर टाकायचे नाहीत. सहा एअरबॅग म्हणजे पुढच्या दोन, पुढच्या सीटच्या कडेच्या दोन आणि छताच्या कडेने खाली पडणाऱ्या दोन पडद्यांसारख्या. उंच गाडीत शेवटच्या दोघी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या, कारण बाजूने धडक बसली तर मागच्या माणसाच्या डोक्याच्या आड येणारी तीच एक गोष्ट असते. कडेच्या एअरबॅग सीटच्या शिवणीतून फाटून बाहेर येतात. वरून जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलंत तर त्या वेळेवर बाहेर येतीलच याचा भरवसा नाही. तसंच पुढे लावलेला लोखंडी बुलबार. धडकेची लाट गाडीच्या नाकातून सेन्सरपर्यंत कशी पोहोचते, यावर कंपनीने सगळं गणित बांधलेलं असतं. बुलबार ती वाटच बदलतो, शिवाय पायी चालणाऱ्याच्या हाडांसाठी तो फार वाईट.

बुलबार लावणारे लोक बहुतेक वेळा 'पत्रा पातळ आहे हो' असं म्हणून तो लावतात. त्यांना मी चेपलेली गाडी दाखवतो. नाक पूर्ण गोळा झालेलं, पण पुढचं दार एका हाताने उघडतंय. अशी गाडी मी चांगली मानतो. पुढचा आणि मागचा भाग चेपायचा आणि मधला सांगाडा ताठ राहायचा, ही कल्पना मर्सिडीजमधले अभियंता बेला बारेनी यांनी १९५१ मध्ये पेटंटसाठी मांडली, आणि आजही गाड्या त्याच तत्त्वावर बनतात. आता मधल्या सांगाड्याच्या पिलरना, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबांना, गरम साच्यातलं बोरॉन स्टील वापरतात. त्यात साधं ड्रिल बिट घालायला गेलं तर बिटाचं टोकच जळतं.

स्टार रेटिंग हे मुख्यतः या सांगाड्याचं आणि बेल्ट-एअरबॅगचं प्रगतिपुस्तक आहे, आणि ते नक्की वाचावं. पण स्टार मोजून बाजूला ठेवू नका. तीन गोष्टी बघा. एक, चाचणी कुठल्या वर्षीची. फियाट पुंटोला युरो एनकॅपने, म्हणजे गाड्या आपटून तपासणाऱ्या युरोपातल्या संस्थेने, २००५ मध्ये पाच स्टार दिले होते. तेच मॉडेल २०१७ मध्ये पुन्हा तपासलं तेव्हा शून्य मिळाले. गाडी बिघडली नव्हती, कसोटी कडक झाली होती. दोन, कुठल्या व्हेरियंटची चाचणी, आणि त्यात ज्या एअरबॅग होत्या त्या तुम्ही घेताय त्यात आहेत का. तीन, अहवालात सांगाडा 'स्थिर' म्हटलाय की 'अस्थिर'. हा एक शब्द मला एखाद्या स्टारपेक्षा जास्त सांगतो. अस्थिर म्हणजे आणखी थोडा वेग असता तर माणसं बसतात ती जागाच चेपली असती. मुलांच्या सुरक्षिततेचे गुण वेगळे दिलेले असतात, तुम्ही ते आधी बघा. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०१२ पासून एक अवघड चाचणी सुरू केली: ताशी ६४ किलोमीटरला गाडीच्या रुंदीचा फक्त चौथा हिस्सा अडथळ्यावर आपटायचा. इथं मधले मजबूत बीम कामालाच येत नाहीत आणि पुढचं चाक मागे ड्रायव्हरच्या पायांवर येतं. समोरासमोर येताना दोन्ही ड्रायव्हर शेवटच्या क्षणी बाजू काढतात आणि कोपऱ्याला कोपरा लागतो, तेव्हा नेमकं हेच होतं. तुमच्या मॉडेलची अशी चाचणी झाली असेल तर तिचा निकाल जरूर वाचा.

एडीएएसमधली एकच गोष्ट मी मनापासून मागेन, ती म्हणजे स्वतःहून लागणारा ब्रेक. आयआयएचएसच्या अभ्यासात अशा ब्रेकमुळे पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचे अपघात जवळपास निम्म्यावर आले. लेनमध्ये ठेवणारी मदत आणि पुढच्या गाडीच्या मागे आपोआप चालणारा क्रूझ कंट्रोल या सोयी आहेत, आणि रंग पुसलेल्या पट्ट्यांवर किंवा मुसळधार पावसात त्या गप्प बसतात. नव्या गाडीत ही यंत्रणा नाही म्हणून मी ती नाकारणार नाही.

तुमच्या घरात लहान मूल आहे म्हणून मागच्या कॅमेऱ्याबद्दल वेगळं सांगतो. उंच गाडीच्या मागे दोन वर्षांचं मूल उभं असेल तर ते आरशात दिसतच नाही. अमेरिकेने मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा केला, तो आपल्याच दारात, आपल्याच गाडीखाली जाणाऱ्या मुलांमुळे. कॅमेरा असला तरी गाडी मागे घेताना मुलगी कुणाच्या तरी कडेवर आहे हे डोळ्यांनी बघूनच रिव्हर्स टाका.

तिची सीट आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीच्या सीटमध्येच पक्क्या बसवलेल्या, दोन कड्यांवर आणि टॉप टेदरवर बसवा. टॉप टेदर म्हणजे सीटच्या माथ्यावरून मागे जाणारा पट्टा. तो न लावता वापरलेल्या कितीतरी सीट मी पाहिल्या आहेत, आणि धडकेत अशी सीट पुढे झुकते. मूल जितके दिवस मागे तोंड करून बसेल तितकं चांगलं, कारण त्या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते. मागे तोंड असलेली सीट पुढच्या जागेवर, एअरबॅग चालू ठेवून कधीही लावायची नाही.

आता वापरलेल्या गाडीकडे येतो, कारण तुमचा खरा निर्णय इथं आहे. कागदावर ती नव्या गाडीपेक्षा सरस आहे. पण कागद कारखान्यातून निघालेल्या गाडीचा आहे, तीन वर्षांनंतरच्या गाडीचा नाही.

काही वर्षांपूर्वी एक गाडी फक्त बंपर रंगवायला आली होती. स्वच्छ, चकचकीत, एअरबॅगचा दिवा नियमाप्रमाणे लागून विझणारा. पुढचा पॅनल काढताना डॅशबोर्डच्या उजव्या आणि डाव्या प्लास्टिकच्या रंगात किंचित फरक वाटला म्हणून आत पाहिलं. पुढे बसणाऱ्याच्या एअरबॅगची जागा रिकामी होती आणि तिच्या वायरला एक बोटभर लांबीचा रेझिस्टर जोडलेला होता, गाडीला एअरबॅग जागेवर आहे असं भासवण्यासाठी. आधीच्या मोठ्या अपघातानंतर कुठल्या तरी गॅरेजने पैसे वाचवले होते. ज्या बाईंनी ती विकत घेतली, त्या चौदा महिने रोज त्याच सीटवर बसत होत्या. त्यांना सांगताना माझा आवाज मला साथ देत नव्हता.

तेव्हा ती टॉप व्हेरियंट घेणार असाल तर एवढं करा. चारही बाजूंचे बेल्ट तळापर्यंत ओढा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला उत्पादनाच्या तारखेचं लेबल असतं. ती तारीख गाडीच्या उत्पादनाच्या नंतरची निघाली तर बेल्ट बदललाय, म्हणजे बहुधा मोठी धडक झालीय. ड्रायव्हरचं आणि शेजारचं बकल एकाच उंचीवर आहे का ते बघा. बकलवर प्रीटेन्शनर असेल आणि तो उडालेला असेल तर बकल खाली ओढलं गेलेलं असतं. खांद्याजवळच्या कडीवर वितळलेली खूण शोधा. सगळ्या काचांवरचे उत्पादनाचे आकडे एकमेकांशी जुळतात का पाहा. पुढची काच बदललेली असेल तर तिच्यामागच्या एडीएएस कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन केल्याची पावती मागा. कॅमेरा अंशभर जरी चुकीच्या दिशेला बघत असला तरी लांबवरची गाडी तो शेजारच्या लेनमध्ये असल्याचं समजतो. बंपरवर जाड पुटी आणि दुबार रंग असेल तर त्यामागच्या रडारबद्दलही हेच. टायरच्या कडेवरच्या 'डीओटी' क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीन वर्षांच्या गाडीवर पाच वर्षांचा टायर दिसला तर कुणीतरी जुने टायर चढवलेत. आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एअरबॅग कंट्रोल युनिटची नोंद वाचून घ्या. अनेक मॉडेलमध्ये एअरबॅग उडाल्याची नोंद त्यात कायमची राहते.

हे सगळं स्वच्छ निघालं, मागच्या सीटच्या बेल्टना प्रीटेन्शनर असले आणि विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहास कोरा असला, तर वापरलेली टॉप व्हेरियंट घ्या. स्वतःहून लागणारा ब्रेक तुम्हाला तिच्यातच मिळेल. यातली एखादीही गोष्ट विक्रेता दाखवायला तयार नसेल तर नवी मधली व्हेरियंट घ्या, सनरूफचा विचार सोडा. गाडी ताब्यात घेताना चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि मग विझतो, हे स्वतः बघा. तो लागलाच नाही, तर गाडी तिथंच ठेवून परत या.